कोकमाचे पेय : गुण, मर्यादा आणि दक्षता

वैशाखातील उन्हे अंगावर घेऊन कोकणातील एखाद्या घरी पाहुणा आला, की ओसरीवर बसता बसताच त्याच्या हाती पाण्याचा तांब्या आणि पाठोपाठ कोकमाच्या सरबताचा पेला येतो. त्यात जिऱ्याची पूड आणि मिठाचा खडा असतोच. भोजनाच्या अखेरीस वाटीभर सोलकढी येते. पावसाळ्यात हेच फळ आमसुलाच्या कढत साराच्या रूपाने पुन्हा पानात दिसते. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, तर आमसूल कोळलेले पाणी पोटातही दिले जाते आणि अंगालाही चोळले जाते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील कुटुंबांना हे सारे इतके अंगवळणी पडले आहे, की त्याला कोणी औषध म्हणत नाही आणि नुसते अन्न म्हणूनही सोडून देत नाही.

गेल्या काही दशकांत मात्र या पेयाने घाट ओलांडला आहे. शहरांतील दुकानांत ते बाटलीबंद मिळते, महिला बचत गटांच्या प्रदर्शनांत त्याला हमखास गिऱ्हाईक असते आणि बाटलीवरील चिठ्ठीवर ‘पित्तनाशक’, ‘हृदयास हितकारक’, ‘वजन घटविणारे’ अशी विशेषणे छापलेली आढळतात. या विशेषणांपैकी कोणती खरी, कोणती अर्धी खरी आणि कोणती सर्वस्वी निराधार, हा प्रश्न केवळ ग्राहकाचा नाही. उन्हाळ्यात पाणपोई घालणारी ग्रामपंचायत, शाळेच्या स्नेहसंमेलनात सरबत वाटणारे शिक्षक आणि बचत गटाच्या मालाला शिफारस देणारे अधिकारी या सर्वांनाच त्याचे उत्तर ठाऊक असणे आवश्यक आहे.

फळ आणि त्याची रूपे

कोकमाच्या झाडास रातांबा म्हणतात. गोव्यात आणि लगतच्या भागात त्याच्या फळाला भिरंड हे नाव आहे. वनस्पतिशास्त्रात ‘गार्सिनिया इंडिका’ या नावाने ते ओळखले जाते. गार्सिन नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ ठेवलेल्या या प्रजातीत मँगोस्टीन हे पूर्वेकडील प्रसिद्ध फळही येते आणि केरळात माशांच्या कालवणात घातली जाणारी कुडमपुळीही येते. या शेवटच्या भावंडाची ओळख ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यामुळेच बराच घोटाळा झालेला दिसेल. पश्चिम घाटाच्या पायथ्याच्या दमट पट्ट्यात रातांबा फारशी निगा न घेता वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याची फळे पिकून गर्द लाल होतात. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे.

पेयाचा गुणदोष ठरतो तो मुख्यतः फळाची साल कशी टिकविली यावर. आमसूल करताना फळ फोडून बिया व गर वेगळा काढतात. गराच्या रसात मीठ घालून त्यात साली रात्रभर मुरवितात, दिवसा कडक उन्हात वाळवितात आणि पुन्हा रसात बुडवितात. अशी तीन ते पाच पुटे दिली, की साल काळपट, लवचिक आणि टिकाऊ होते. आगळ म्हणजे मिठात मुरवून काढलेला सालीचा रस. सोलकढीला पुष्कळ घरी हेच वापरतात. अमृत कोकम हा तिसरा प्रकार. यात ताज्या सालीच्या वाट्या व साखर यांचे थर बरणीत रचून आठवडाभर ठेवतात. सामान्यतः सालीच्या दुप्पट साखर घेतात. साखर सालीतील रस ओढून घेते आणि आपोआप पाक तयार होतो. यात विस्तवाचा संबंध येत नसल्यामुळे रंग व स्वाद उत्तम राहतात.

या तिन्ही कृतींत एक गोष्ट समान आहे. टिकविण्याचे काम मीठ किंवा साखर करते. कोकमाच्या पेयाचे गुण सालीकडून येतात, तर त्याच्या अतिसेवनाचे बहुतेक दोष या दोन टिकाऊ करणाऱ्या पदार्थांकडून येतात. ही बाब लोकांच्या क्वचितच ध्यानी येते.

सालीत काय आहे

मैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पृथक्करणानुसार कोकमाच्या सालीत १० ते १२ टक्क्यांच्या घरात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. लिंबातील सायट्रिक आम्लाचेच हे एक सख्खे रूप होय. कोकमाची आंबट चव मुख्यतः याचीच. लाल रंग अँथोसायनिन वर्गातील रंगद्रव्यांचा आहे. जांभळातही याच वर्गातील रंगद्रव्ये असतात. त्यांच्या अंगी ऑक्सिडीकरणास अटकाव करण्याचा गुण असल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. तिसरा घटक गार्सिनॉल हा पिवळसर पदार्थ. अलीकडच्या काळात संशोधकांचे लक्ष सर्वाधिक वेधले आहे ते त्यानेच. जपानी संशोधकांनी २००० साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत गार्सिनॉलमुळे जठरातील व्रणांस आळा बसल्याचे दाखविले. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००४ साली पेशींतील जनुकांच्या कार्यावर त्याचा होणारा परिणाम उलगडून दाखविला. कर्करोगाच्या पेशींवरही पुष्कळ प्रयोग झाले आहेत.

हे संशोधन मोलाचे आहे यात संशय नाही. तथापि त्यावरून ‘कोकम सरबताने कर्करोग टळतो’ अशी उडी मारणे सर्वथा अयोग्य होय. काचपात्रातील पेशींवर शुद्ध गार्सिनॉल घालणे निराळे आणि माणसाने पेलाभर सरबत पिणे निराळे. शिवाय गार्सिनॉल हा स्निग्ध पदार्थांत विरघळणारा घटक आहे, पाण्यात तो जेमतेमच उतरतो. साल पाण्यात कोळून केलेल्या पेयात आम्ल व लाल रंग भरपूर येतात. गार्सिनॉलचा बहुतांश चोथ्यात राहतो. ज्या घटकाच्या नावे जाहिरात केली जाते तोच पेल्यात नाममात्र असावा, असा हा विनोद आहे.

आयुर्वेदात कोकम ‘वृक्षाम्ल’ या नावाने ओळखले जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘हृद्य’ म्हणून जो दहा द्रव्यांचा गण सांगितला आहे, त्यात आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग यांच्या समवेत वृक्षाम्लाचा समावेश आहे. या आधारावर काही विक्रेते कोकम हृदयविकारावर चालते असे सांगतात. परंतु ‘हृद्य’ या शब्दास मनाला रुचणारे, प्रिय वाटणारे असाही अर्थ आहे आणि गणातील बहुतेक फळे आंबट, रुचकर असावीत हे त्या अर्थाशी चांगले जुळते. हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णाने या एका शब्दाच्या भरवशावर नियमित औषधे सोडणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

मग या पेयाचा निश्चित उपयोग कोणता? उन्हातून आलेल्या माणसास पाणी, थोडे मीठ व थोडी साखर एकत्र मिळते, आंबट चवीने तोंडास पाणी सुटते आणि एरवी जो अर्धा तांब्याच पाणी प्याला असता तो दोन तांबे पितो. घामावाटे गेलेले पाणी व मीठ यांची त्यामुळे बऱ्याच अंशी भरपाई होते. जेवणात सार किंवा सोलकढी असली, की रुची वाढते. हे लाभ साधे आहेत. परंतु मे महिन्यात भातखाचरांची बांधबंदिस्ती करणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ते मुळीच लहान नाहीत. रंगीत पाण्यात वायू कोंडून विकल्या जाणाऱ्या बाटलीपेक्षा घरचे सौम्य कोकम सरबत केव्हाही सरस, असे निःशंकपणे म्हणता येईल.

वजन घटविण्याच्या गोळ्यांचा प्रकार

हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा शोध लागला तो कुडमपुळीत. लुईस आणि नीलकंठन या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ साली ते या फळातील प्रमुख आम्ल असल्याचे दाखवून दिले. पिठूळ व गोड अन्नापासून शरीरात चरबी तयार होताना एक विशिष्ट एन्झाइम लागते. त्या एन्झाइमचे काम हे आम्ल रोखते, असे पुढे परदेशांतील प्रयोगांत आढळले आणि उंदरांच्या वजनावर त्याचा परिणामही दिसून आला. झाले! चरबी रोखणारे फळ सापडले अशी हाकाटी झाली आणि कुडमपुळीच्या अर्काच्या गोळ्या पाश्चात्त्य बाजारपेठांत आल्या. कालांतराने त्या आपल्याकडेही आल्या. अलीकडे त्यांवर कोकमाचे चित्रही दिसते.

माणसांवर मात्र हा प्रयोग फसला. अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींची दोन गटांत विभागणी करून १२ आठवडे चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. एका गटास दररोज १,५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल, दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी आणि दोघांसही सारखाच हलका आहार देण्यात आला. आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे ४.१ किलो. दोहोंतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर अर्थपूर्ण नव्हता. म्हणजेच जे वजन घटले ते आहारनियमनाने घटले, गोळीने नव्हे.

केवळ पैसे वाया गेले असते तर हा विषय तेथेच सोडून देता आला असता. परंतु २००९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वजन घटविणाऱ्या एका लोकप्रिय उत्पादनमालेविरुद्ध जाहीर इशारा दिला. तिच्या सेवनानंतर कावीळ व यकृताचे गंभीर विकार झाल्याच्या २३ तक्रारी प्रशासनाकडे आल्या होत्या आणि त्यांत एक मृत्यू होता. त्या उत्पादनांत अनेक द्रव्यांचे मिश्रण असल्याने दोष नेमका कोणाचा हे सांगणे अवघड होते. पुढे औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संशोधकांच्या गटाने २०२२ साली कुडमपुळीच्या अर्काशी निगडित अशा २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी बहुतेकांनी तो अर्क ग्रीन टीच्या अर्कासह घेतला होता. पण पाच जणांच्या बाबतीत कुडमपुळीचाच अर्क कारणीभूत दिसत होता. असा विकार थोड्यांनाच होतो. मात्र तो कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही.

येथे वाचकाच्या मनात साहजिकच शंका येईल, की तेच आम्ल कोकमात असता आमटीतील आमसूल सुरक्षित कसे? उत्तर मात्रेत आहे. चार-पाच माणसांच्या आमटीत किंवा सारात पाचेक ग्रॅम आमसुले पडतात. सालीत १२ टक्के आम्ल धरले आणि ते सगळेच्या सगळे पाण्यात उतरले असे मानले, तरी प्रत्येकाच्या वाट्यास सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅमहून अधिक येत नाही. उपर्युक्त चाचणीतील मात्रा याच्या दहापट किंवा त्याहून अधिक होती. गोळ्या तर महिनोन्‌महिने आणि पुष्कळदा उपाशीपोटी घेतल्या जातात. त्यांतील अर्क इतर अर्कांच्या सोबतीने असतो. मलबारात कुडमपुळीचे कालवण आणि कोकणात कोकमाचे सार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते अन्नाच्या मात्रेत. ही मात्रा सोडून गोळीच्या वाटेस जाणाऱ्याने परंपरेचा दाखला देऊ नये, कारण परंपरेने गोळी कधी खाल्लीच नव्हती. यकृताचा विकार असणाऱ्यांनी, मधुमेहाची किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गर्भवती व स्तनदा मातांनी अशा गोळ्यांपासून दूरच राहावे. गोळ्या घेणाऱ्या कोणासही डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे जाणवली, तर गोळ्या तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि काय घेत होतो ते न लपविता सांगावे.

साखर आणि मीठ

आता ज्या दोषांची चर्चा सर्वांत कमी होते, पण ज्यांचा उपसर्ग सर्वांत अधिक लोकांना होतो, त्यांकडे वळणे प्राप्त आहे. फळांच्या सरबताच्या पाकात किमान ६५ टक्के विद्राव्य घटक असावेत असा अन्नमानकांचा दंडक आहे आणि त्यांतील बहुतांश अर्थातच साखर असते. पेलाभर सरबतासाठी ४० मिलिलिटर पाक घेतला, तर त्याचे वजन सुमारे ५२ ग्रॅम भरते आणि त्यातून ३० ग्रॅमहून अधिक, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे साखर पोटात जाते. प्रौढ माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दोन पेल्यांतच ही मोठी मर्यादाही ओलांडली जाते. ‘औषधी आहे, साखर बाधत नाही’ अशी समजूत करून घेऊन मधुमेही मंडळी अमृत कोकम पितात, ती सर्वस्वी चुकीची आहे. त्यांच्यासाठी आमसूल भिजवून, कोळून, जिरे व किंचित मीठ घातलेले बिनसाखरेचे पाणी हा उत्तम पर्याय आहे. त्याची चव दोन-चार दिवसांत जिभेवर रुळते.

आगळाची गोष्ट याच्या उलट आहे. त्यात साखर नाही. पण सालीच्या वजनाच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याइतके मीठ असते. मोठ्या चमचाभर आगळातून दोन ग्रॅमच्या आसपास मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत ठेवली आहे आणि लोणचे, पापड, सुकी मासळी यांनी ती कोकणात आधीच भरलेली असते. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी सोलकढी आगळाऐवजी भिजविलेल्या आमसुलांची करावी. आमसुले आधी पाण्यातून चटकन धुऊन घेतली तर वरचे मीठ बरेच निघून जाते. सोलकढीत वरून पुन्हा मीठ घालण्याची सवयही बहुधा अनावश्यक असते.

‘पित्त’ या शब्दाने होणारा घोटाळा येथेच सांगितला पाहिजे. आपल्याकडे छातीत जळजळणे यासही पित्त म्हणतात आणि अंगावर गांधी उठणे यासही पित्तच म्हणतात. वास्तविक हे दोन वेगळे विकार आहेत. कोकमाचे पाणी चांगलेच आंबट असते. ज्यांना जठराचा व्रण आहे किंवा आंबट ढेकर वर येऊन घसा जळतो, त्यांनी ते उपाशीपोटी घेतल्यास त्रास वाढण्याचा संभव असतो. जेवणासोबत थोडी सोलकढी बहुतेकांस सोसते, कारण नारळाच्या दुधाने तिचा तिखटपणा मोडतो. अंगावरील गांधींवर आमसुलाचे पाणी लावल्याने थंडावा वाटतो आणि खाज काही वेळ निवते. तेवढ्यापुरता हा उपाय निरुपद्रवी आहे. परंतु गांधींबरोबर ओठ, जीभ किंवा पापण्या सुजू लागल्या, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर आमसूल भिजत घालीत बसू नये. ही तीव्र अॅलर्जीची लक्षणे होत आणि त्यात मिनिटांचा हिशेब असतो. रुग्णास लगेच नजीकच्या रुग्णालयात न्यावे. मासळी, औषधाची गोळी किंवा गांधीलमाशीचा दंश यानंतर गांधी उठल्या असतील, तर ही दक्षता विशेषच घ्यावी.

अतिसारातही कोकमाचे सरबत देण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे. तो मोडून काढणे अगत्याचे आहे. जलसंजीवनीच्या लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज व २.६ ग्रॅम मीठ असते. हे प्रमाण आतड्यांनी पाणी शोषून घ्यावे अशाच बेताने ठरविलेले आहे. वर सांगितलेल्या पेल्याच्या हिशेबाने लिटरभर सरबतात त्याच्या दहापटीहून अधिक साखर भरते. इतकी साखर आतड्यांत पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढवते. लहान मुलाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतू शकते. हगवण लागलेल्या मुलास जलसंजीवनीच द्यावी. उपकेंद्रात आणि आशा कार्यकर्तीकडे ती उपलब्ध असते.

भांडे, पाणी, बर्फ, रंग

आंबट पदार्थ कल्हई गेलेल्या भांड्यात ठेवू नये हे जुन्या गृहिणींना शिकवावे लागत नसे. आता पितळेची भांडी माळ्यावर गेली, कल्हईवाले दिसेनासे झाले आणि तो नियमही विस्मरणात गेला. कोकमाचे आम्ल तांबे, पितळ, अॅल्युमिनियम व जस्ताचा मुलामा यांच्यावर चढते आणि त्या धातूंचे क्षार पेयात उतरतात. तांबे किंवा जस्त अधिक प्रमाणात उतरले, तर अर्ध्या-एक तासात मळमळ, वांत्या, पोटात कळा सुरू होतात. घरच्या तांब्यात पेलाभर सरबत चटकन ढवळून पिण्याने एवढे होत नाही. परंतु यात्रेत, लग्नात किंवा ग्रामसभेच्या दिवशी शेकडो लोकांसाठी सकाळीच सरबत कालवून ते जस्ताच्या बादल्यांत किंवा अॅल्युमिनियमच्या पातेल्यांत दुपारपर्यंत ठेवले जाते. धोका आहे तो तेथे. यासाठी स्टेनलेस स्टीलची, काचेची, चिनी मातीची किंवा अन्नासाठी म्हणून बनविलेल्या प्लास्टिकची भांडी वापरावीत. रंगाचे, खताचे वा औषधाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी वापरू नयेत.

कोकमाच्या आंबटपणाने जंतू मरतात या समजुतीवर विसंबणेही धोक्याचे आहे. आगळ व पाक टिकतात ते मीठ, साखर आणि आम्ल दाट असल्यामुळे. पाणी घालून पातळ केलेल्या सरबताला ते संरक्षण राहत नाही. पाणी शुद्ध केलेले असावे. बर्फ खाण्याच्या पाण्याचाच असावा. मासळी व इतर माल थंड ठेवण्यासाठी असलेल्या बर्फास निळा रंग देण्याविषयीचे आदेश महाराष्ट्रात २०१८ साली निघाले आहेत. तेव्हा सरबताच्या गाडीवर निळसर लादी दिसल्यास ती पेल्यात टाकण्यासाठी नाही, हे सांगण्यास संकोच करू नये.

रंगाच्या भेसळीची प्राथमिक तपासणी शाळेच्या प्रयोगशाळेत, किंबहुना वर्गातही करता येते. पातळ सरबत दोन काचेच्या पेल्यांत घ्यावे आणि एकात चमचाभर खाण्याचा सोडा टाकावा. आम्ल व सोडा यांच्या संयोगाने फेस येईल. फेस थांबेपर्यंत थोडा थोडा सोडा टाकीत राहावे. कोकमाचा अस्सल रंग आम्लाच्या सान्निध्यातच लाल राहतो. आम्ल निवले, की तो जांभळट, निळसर आणि पुढे मळकट हिरवट होतो. नारळाच्या दुधात कोकमाचा लालभडकपणा जाऊन सोलकढीची गुलाबी छटा येते. सोडा घालूनही लाल रंग जसाच्या तसा तकतकीत राहिला, तर कृत्रिम रंगाचा संशय घेण्यास जागा आहे. मात्र अस्सल व कृत्रिम रंगांचे मिश्रण असल्यास ही चाचणी फसू शकते. म्हणून तिच्या आधारे कोणास दोषी ठरवू नये. नमुना अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांमार्फत प्रयोगशाळेत जाणे हाच रीतसर मार्ग होय. या उलट, अस्सल सरबताचा रंग उन्हात व उष्णतेने विटून तपकिरी होतो. वर्षभर दुकानाच्या काचेआड उन्हात राहूनही जी बाटली माणकासारखी चमकते, तिच्यावरील चिठ्ठी वाचून घ्यावी. त्यावर अनुमत रंगाचा उल्लेख बहुधा आढळेल. असा उल्लेख असणे हा गुन्हा नाही, पण मग त्या लाल रंगाच्या नावाने गुण सांगता येत नाहीत.

बचत गटांच्या उत्पादनांच्या बाबतीत चिठ्ठीवरील मजकुराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अन्न म्हणून नोंदणी केलेल्या पदार्थावर रोग बरा करण्याचा दावा छापण्यास अन्नसुरक्षा कायद्यात मुभा नाही. शेजारच्या बाटलीवर छापले आहे म्हणून आपणही छापावे, अशा भाबडेपणाने पुष्कळ गट अडचणीत येऊ शकतात. साखरेचे व मिठाचे प्रमाण, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, उघडल्यावर कोठे ठेवावे आणि एका पेल्यास किती घ्यावे, एवढे स्वच्छ मराठीत छापले तर ग्राहकाचा विश्वास दाव्यांपेक्षा अधिक बसतो. बिनसाखरेच्या आमसुलांची लहान पाकिटे काढणे हेही गटांनी मनावर घेण्याजोगे आहे, कारण मधुमेहींची संख्या पाहता त्यांना गिऱ्हाईक नक्की आहे.

कच्च्या मालाची अडचण निसर्गानेच घातली आहे. रातांब्यात नर व मादी झाडे वेगळी असतात. बी पेरून वाढविलेल्या रोपांपैकी निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि हे कळते ते सहा-सात वर्षांनी, फुलोरा आल्यावर. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मृदुकाष्ठ कलमाची पद्धत रूढ केली आणि १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही जात प्रसारित केली. कलमामुळे मादी झाडाची खात्री मिळते व फळ लवकर धरते. दुसरी अडचण पावसाची. फळांचा बराच भाग मे अखेरीस पिकतो आणि मृगाच्या सरी आल्या, की पुटे देऊन वाळविण्याचे काम अर्ध्यावर राहते. ओलसर राहिलेल्या आमसुलांना बुरशी धरते. अशी आमसुले धुऊन किंवा पुन्हा वाळवून बाजारात आणली जातात, ती घेऊ नयेत. पांढरी भुकटी दिसल्यास ती चिमटीत चोळून पाहावी. मिठाचे कण खरखरीत लागतात आणि पाण्यात विरघळतात. बुरशी तंतुमय असून तिला कुबट वास येतो.